शालेय विजय आणि राजमान्यता

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील एखाद्या शाळेचा संघ सामना जिंकून परतला, म्हणजे गांवाच्या वेशीपाशीं हलगी वाजते, मुलांच्या कपाळीं गुलाल लागतो आणि जिंकलेली ढाल मुख्याध्यापकांच्या खोलींत मानानें विराजमान होते. ही लोकमान्यता होय. ती तत्काळ मिळते व तिला कागद लागत नाहीं. दुसरी राजमान्यता. ती सावकाश येते आणि कागदावांचून येत नाहीं. या दुसरीपासून शाळकरी मुलांस काय मिळालें व काय मिळालें नाहीं, याचा अल्प इतिहास सुज्ञ वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

आपला जिल्हा पूर्वीं मुंबई इलाख्यांत मोडत असे. म्हणून या इतिहासाचा आरंभ त्या इलाख्याच्या राजधानींतच शोधावा लागतो. लॉर्ड हॅरिस हे १८९० पासून १८९५ पर्यंत मुंबईचे गव्हर्नर होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शालेय क्रिकेटसाठीं सुरू झालेल्या ढालीस त्यांचेंच नांव मिळालें. प्रत्यक्ष गव्हर्नरांच्या नांवाची ढाल शाळकरी पोरांच्या हातीं येऊं लागली, तेव्हां खेळ म्हणजे अभ्यासाचा शत्रू, ही पालकांची समजूत थोडी तरी ढिली झाली असेल.

याच हॅरिस ढालीच्या उपांत्य सामन्यांत, फेब्रुवारी १९८८ मध्यें, शारदाश्रम विद्यामंदिराच्या सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी यांनीं सेंट झेवियर्स हायस्कूलविरुद्ध ६६४ धावांची अभंग भागीदारी केली. तेंडुलकरांच्या नाबाद ३२६ आणि कांबळींच्या नाबाद ३४९ धावा झाल्या. २००६ सालीं हैदराबादच्या दोन शाळकरी मुलांनीं ७२१ धावांची भागीदारी करून हा उच्चांक मागें टाकला. १९८८ चा पराक्रम जगानें मानला, तो मैदानावर कोणीतरी प्रत्येक धाव इमानानें टिपून ठेविली म्हणून. त्याच टिपणवहीमुळें हरलेल्या शाळेचें नांवही इतिहासांत राहिलें.

टिपणवहीचें हें महत्त्व २०१६ सालीं पुन्हां प्रत्ययास आलें. जानेवारीच्या ४ व ५ तारखांस कल्याण येथें, मुंबई क्रिकेट संघटनेच्या भंडारी चषकाच्या सामन्यांत, के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडे या पंधरा वर्षांच्या मुलानें ३२७ चेंडूंत नाबाद १००९ धावा केल्या. त्याचे वडील रिक्षाचालक. यापूर्वींचा सर्वोच्च आंकडा इंग्लंडांतील क्लिफ्टन कॉलेजच्या कॉलिन्स या मुलाचा, १८९९ सालचा, नाबाद ६२८ धावांचा होता. आणि त्यांत वीसएक धावांची चूकभूल असेल, असें खुद्द टिपणी करणारानेंच म्हटल्याचें सांगतात. कल्याणच्या सामन्यास मान्यताप्राप्त स्पर्धेचा आधार होता, म्हणून हा आंकडा निर्विवाद ठरला.

राज्य शासनानेंही विलंब केला नाहीं. प्रणवच्या शिक्षणाचा व प्रशिक्षणाचा भार शासन उचलील, असें तत्कालीन क्रीडामंत्री विनोद तावडे यांनीं जाहीर केलें. क्रिकेट संघटनेनें दरमहा १०,००० रुपयांची शिष्यवृत्ति दिली. परंतु पुढें धावा होईनात, तेव्हां २०१७ अखेर ही शिष्यवृत्ति थांबवावी, असें कुटुंबानेंच कळविलें. या स्वाभिमानास वंदन केलें पाहिजे. तथापि कौतुकाचें ओझें कोंवळ्या खांद्यांवर किती ठेवावें, याचा विचारही झाला पाहिजे. शिवाय त्या डावांत संघाच्या १४६५ धावा झाल्या होत्या, आणखी दोघांनीं शतकें केलीं होतीं. सन्मानाच्या वेळीं तीं कोणाच्या ध्यानांत राहिलीं? राजमान्यतेची दृष्टि बहुधा एकावर खिळते आणि संघ अंधारांत राहतो.

आपल्या जिल्ह्याचाही अनुभव निराळा नाहीं. श्रीरामपूर येथें जन्मलेले झहीर खान यांस २०११ सालीं अर्जुन पुरस्कार व २०२० सालीं पद्मश्री मिळाली. संगमनेर तालुक्यांतील आश्वी खुर्द येथें जन्मलेले अजिंक्य रहाणे यांस २०१६ सालीं अर्जुन पुरस्कार लाभला. हा आनंद सर्व जिल्ह्याचा आहे. परंतु खो-खो वा कबड्डीचा जो संघ तालुक्यांतून जिल्ह्यास व जिल्ह्यांतून विभागास जातो, त्याच्या वांट्यास अशी पदवी क्वचितच येते.

त्याच्या वांट्यास येतें तें प्रमाणपत्र. १९५४ सालीं भारतीय शालेय खेळ महासंघ स्थापन झाला व शालेय स्पर्धांस देशव्यापी चौकट मिळाली. पुढें महाराष्ट्रांत खेळाडू विद्यार्थ्यांस परीक्षेंत सवलतीचे गुण मिळूं लागले, आणि २००५ सालच्या शासननिर्णयानें प्रावीण्य मिळविलेल्या खेळाडूंसाठीं शासकीय नोकरींत ५ टक्के जागा राखण्यांत आल्या. गरीब घरच्या मुलास ढालीपेक्षां हा कागद मोलाचा वाटतो, यांत नवल नाहीं. त्यावर घरची चूल पेटूं शकते. आणि म्हणूनच खोटीं प्रमाणपत्रें करणारेही निपजले. असे प्रकार उघडकीस आल्यावर प्रत्येक प्रमाणपत्राची कसून पडताळणी होऊं लागली, आणि खऱ्या खेळाडूसही आपलें खरेपण सिद्ध करावें लागूं लागलें.

तात्पर्य एवढेंच कीं, राजमान्यतेचा पाया शाळेच्या कपाटांतील वहींत आहे. सामना कोठें झाला, कोणत्या दिवशीं झाला, संघांत कोण कोण होतें, राखीव म्हणून कोण बसलें, निकाल काय लागला, हें शिक्षकांनीं त्याच दिवशीं लिहून ठेवावें व ती वही जपावी. मुलगा मोठा होऊन नोकरीसाठीं अर्ज करील, तेव्हां ती वही त्याची साक्षीदार होईल. आणि ज्याला कोणतेंही सरकार पदक देणार नाहीं, त्या अकराव्या किंवा बाराव्या गड्याचें नांव निदान आपल्या शाळेंत तरी अक्षय राहील.