हवेचा खांब: फुगवायच्या तंबूचा शंभर वर्षांचा हिशोब



आजचा विषय एका श्रोत्याच्या मेसेजमधून आला. तो लिहितो, "दादा, ऑनलाइन एक फुगवायचा तंबू दिसतोय. दोन माणसांचा, वजन अडीच किलो, दोन मिनिटांत उभा आणि सात हजारांच्या आत. काठ्यांची कटकट नाही. डिसेंबरमध्ये सह्याद्रीत न्यायचाय, पहिल्या पगारातून घेतोय. घेऊ का?"

याचं उत्तर हो किंवा नाही एवढंच देता आलं असतं. पण आपला पॉडकास्ट इतिहासाचा आहे, आणि या जाहिरातीतले तीन शब्द बघा: हलका, झटपट, स्वस्त. या तिघांचा इतिहास वेगवेगळा आहे. तो कळला की उत्तर तुमचं तुम्हालाच सापडेल.

तंबूचा खरा खर्च

तंबू म्हणजे कापड असं आपल्याला वाटतं. पण कापडाला उभं करणारं काहीतरी लागतं. खांब, दोऱ्या, मेखा, आणि हे सगळं ठोकणारी माणसं. अबुल फजलने 'ऐन-इ-अकबरी'मध्ये अकबराच्या छावणीचा हिशोब दिलाय. एका मुक्कामाचं सामान वाहायला १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० हमाल. अर्थात ही बादशाही छावणी, तिथे गालिच्यांपासून कनातींपर्यंत सगळा थाट. तरी मुद्दा तोच राहतो: तंबूची खरी किंमत तो वाहणाऱ्या आणि उभा करणाऱ्या माणसांत असते.

मग खांबच काढून टाकला तर? त्याच्या जागी हवा भरली तर? कल्पना सोपी आहे. पण हवा धरून ठेवणारं कापड मिळेपर्यंत १९वं शतक उजाडावं लागलं.

आधी कापड, मग हवा

१८२३ मध्ये स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिन्टॉशने दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर घालून पाणी न झिरपणारं कापड बनवण्याचं पेटंट घेतलं. ब्रिटनमध्ये रेनकोटला आजही 'मॅकिन्टॉश' म्हणतात, तो हाच माणूस. या कापडातून पाणी जात नव्हतं आणि हवाही फारशी जात नव्हती. १८४० च्या दशकात पीटर हॅल्केट नावाच्या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने त्याचा एक भन्नाट वापर केला. अंगावर घातला तर झगा, फुगवला तर होडी! आर्क्टिकमध्ये फिरणाऱ्या जॉन रे याने १८४६ च्या मोहिमेत हॅल्केटची होडी नेली आणि तिचं कौतुकही केलं.

अडचण एकच होती. कच्चं रबर उन्हात चिकट होतं आणि थंडीत कडक. तो प्रश्न व्हल्कनायझेशनने सुटला, ज्याचं अमेरिकेतलं पेटंट चार्ल्स गुडइयरला १८४४ मध्ये मिळालं. पुढे १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉपने हवेचा टायर चालवून दाखवला. हवा वजन पेलू शकते, हे आता रस्त्यावरच्या प्रत्येक सायकलवाल्याला माहीत झालं.

युद्ध, रडार आणि घुमट

तंबूची पाळी आली पहिल्या महायुद्धात. फ्रेडरिक लँचेस्टर हा ब्रिटनमधला मोटारगाड्यांचा नामांकित इंजिनिअर. १९१७ मध्ये त्याने फील्ड हॉस्पिटलसाठी एका मोठ्या तंबूच्या पेटंटचा अर्ज केला. खांब एकही नाही. पंख्याने आतल्या हवेचा दाब बाहेरपेक्षा किंचित जास्त ठेवायचा आणि छत त्यावरच तरंगत ठेवायचं. आत जायला एकामागे एक दोन दारं, म्हणजे हवा निसटणार नाही. हा तंबू प्रत्यक्षात उभा राहिला नाही. पण लँचेस्टर नेमकं काय वाचवत होता ते लक्षात घ्या. आघाडीवर जखमी वाट बघत असताना जड खांब वाहून नेणं आणि उभे करणं, हा त्रास त्याला टाळायचा होता.

कल्पना प्रत्यक्षात आली १९४८ मध्ये. वॉल्टर बर्ड हा अमेरिकेतल्या बफेलो शहरात, कॉर्नेल एरोनॉटिकल लॅबोरेटरीत काम करत होता. उत्तरेच्या बर्फाळ प्रदेशातल्या रडारला वारा आणि बर्फापासून वाचवायचं होतं, पण आच्छादनात धातू असला की रडारच्या लहरींना अडथळा. उत्तर काय? सुमारे १५ मीटर व्यासाचा, फक्त हवेवर उभा असलेला घुमट. त्या घुमटाच्या माथ्यावर उभ्या असलेल्या बर्डचा फोटो प्रसिद्ध आहे.

लँचेस्टर आणि बर्ड, दोघांनी अख्खी खोली फुगवली होती. पंखा बंद पडला तर छत हळूहळू खाली. कॅम्पिंगला हे कामाचं नाही. आपल्या तंबूत खोली नाही, खांब फुगवतात. हवा फक्त नळ्यांमध्ये असते आणि आपण साध्या हवेत झोपतो.

अंतराळात एक फुगा

खांब फुगवण्याची सगळ्यात थरारक गोष्ट १८ मार्च १९६५ची. सोव्हिएत अंतराळवीर अलेक्सी लिओनोव्ह यानाबाहेर पडला, अंतराळात चालणारा पहिला माणूस. तो थेट यानाच्या दारातून बाहेर पडला नाही. व्होस्खोद-२ यानाला बाहेरून एक फुगवायची नळकांडी लावली होती, तिचं नाव 'व्होल्गा'. घडी केली की ७० सेंटिमीटरच्या आसपास, फुगवली की अडीच मीटर. तिच्या भिंतीत हवा भरलेल्या बारीक नळ्या होत्या, आणि आपल्या कामाची गोष्ट ही: त्या नळ्या तीन स्वतंत्र गटांत विभागल्या होत्या. एक गट फुटला तरी उरलेल्या दोन गटांवर काम भागणार होतं.

परतताना लिओनोव्हचा स्पेससूटच इतका फुगला की त्याला आत शिरता येईना. शेवटी सूटमधली थोडी हवा सोडून तो कसाबसा आत आला. फुगवणं सोपं असतं, मंडळी. फुगलेलं सांभाळणं हे खरं काम.

ओसाकाचा धडा: जाडी की दाब?

१९७० मध्ये जपानच्या ओसाका शहरात जागतिक प्रदर्शन भरलं. तिथलं फुजी पॅव्हिलियन म्हणजे फुगवायच्या तंबूंचा आजोबा. युताका मुराता हा वास्तुरचनाकार, मामोरू कावागुची हा इंजिनिअर. हवेने भरलेल्या १६ कमानी शेजारी शेजारी उभ्या केलेल्या. प्रत्येक नळी ४ मीटर जाड आणि साधारण ७८ मीटर लांब. वादळ आलं तर आतला दाब वाढवायची सोय होती.

एवढ्या प्रचंड नळ्या, पण आतला दाब कारच्या टायरपेक्षा कितीतरी कमी. कसं काय? इथे थोडं गणित करू, घाबरू नका. हवेची नळी वाऱ्याने किती वाकेल हे दोन गोष्टींवर ठरतं: आतला दाब आणि नळीची जाडी. पण जाडीचा परिणाम घनाच्या पटीत होतो. नळी निम्म्या जाडीची केली की तेवढाच जोर सहन करायला आत आठपट दाब लागतो. आणि आठपट दाब भरला की त्या बारीक नळीच्या कापडावर चौपट ताण येतो.

आता जाहिरात पुन्हा वाचा. तंबू हलका करायचा तर नळी बारीक हवी. नळी बारीक तर दाब जास्त. दाब जास्त तर कापड, शिवण आणि व्हॉल्व्ह उत्तम दर्जाचे हवेत. आणि उत्तम दर्जा स्वस्तात मिळत नाही. हलका, ताठ आणि स्वस्त या तिघांपैकी दोनच तुमच्या वाट्याला येतात.

"पण दादा, हवेला वजन कुठे असतं?" बरोबर आहे. ८ सेंटिमीटर जाड आणि ६ मीटर लांब नळीत ७ पीएसआय दाबाची हवा भरली, तर त्या हवेचं वजन जेमतेम ५० ग्रॅम. पण ती धरायला आतली ट्यूब, तिला फुगू न देणारं बाहेरचं मजबूत कापड, व्हॉल्व्ह आणि पंप लागतो. वजन सगळं तिथे आहे.

काठीने बाजी मारली

हवेचे खांब मोठे होत होते तेव्हा काठ्याही शांत बसल्या नव्हत्या. १९५५ मध्ये अमेरिकेच्या बिल मॉसने वाकणाऱ्या फायबरग्लासच्या काड्यांचा घुमटाकार 'पॉप टेंट' आणला. १९७५ मध्ये नॉर्थ फेसचा 'ओव्हल इन्टेन्शन' आला. बकमिन्स्टर फुलरच्या जिओडेसिक घुमटाच्या कल्पनेवर बेतलेला, एकमेकांना छेदणाऱ्या बारीक काठ्यांचा. पाठीवर वाहायच्या तंबूची शर्यत या वाकणाऱ्या काठ्यांनी जिंकली, ती आजवर.

मग हवेचा तंबू परत आला कुठे? २०११ मध्ये जर्मनीच्या हाइमप्लॅनेटने 'द केव्ह' आणला. नळ्यांचा सांगाडा, एका जागेवरून फुगवायचा आणि मग कप्पे एकमेकांपासून बंद करायचे. म्हणजे लिओनोव्हच्या 'व्होल्गा'चंच तत्त्व. वजन पाच किलोच्या आसपास आणि किंमत भरपूर. ब्रिटनच्या व्हँगोने आणि फ्रान्सच्या डेकॅथलॉनने कुटुंबासाठी मोठे हवेचे तंबू आणले. ते चालले, कारण ते गाडीच्या डिकीत जातात. मुलं रडतायत, अंधार पडतोय, लावणारा एकटाच आहे, तिथे पंप मारून उभा राहणारा तंबू म्हणजे वरदान.

लँचेस्टरपासून इथपर्यंत एकच धागा दिसतो. हवेचा खांब माणसं आणि वेळ वाचवायला आला. पाठीवरचं ओझं कमी करणं हे त्याचं काम कधीच नव्हतं.

गच्चीवरच्या तीन रात्री

एका मित्राकडे असाच स्वस्त तंबू आहे. कंपनीचं नाव घेत नाही, कारण या किमतीतले बरेचसे तंबू दिसायला भावंडंच आहेत. तो मी तीन रात्री गच्चीवर लावून बघितला.

जाहिरातीत अडीच किलो. वाण्याच्या काट्यावर पंप, खुंट्या आणि पिशवी धरून ३ किलो ४०० ग्रॅम. नळ्या दोन मिनिटांत फुगल्या, हे खरं. पण वरचं कापड आणि ताणाच्या दोऱ्या बांधेपर्यंत नऊ मिनिटं गेली. आणि दोन्ही कमानींना मिळून व्हॉल्व्ह एकच. एका कमानीत बाभळीचा काटा घुसला की दोन्ही कमानी खाली.

पहाटे तंबू मऊ पडलेला असायचा. गळती आहे का, म्हणून सायकलवाल्याची पद्धत वापरली. नळी फुगवून पाण्याच्या टबात बुडवली. एकही बुडबुडा नाही! मग हवा गेली कुठे? कुठेच नाही, ती थंड झाली. उन्हात ४० अंशांना ७ पीएसआय भरलेली नळी रात्री १२ अंशांवर आली की दाब ५ च्या आसपास उतरतो. उलट सकाळी १५ अंशांना ७ भरून तंबू तसाच उन्हात सोडला आणि नळी ४५ अंशांपर्यंत तापली, तर दाब ९ च्या पुढे. स्वस्त शिवण तिथेच उसवते. म्हणून संध्याकाळी गारवा पडला की पुन्हा चार पंप मारायचे, आणि सकाळी निघताना थोडी हवा सोडायची.

तर, घ्यायचा का?

पवनाकाठी किंवा कोकणात समुद्रावर गाडीने जाताय? खुशाल घ्या. फक्त हलका शोधू नका, जाड नळ्यांचा शोधा. घेताना चार गोष्टी बघा. प्रत्येक कमानीला वेगळा व्हॉल्व्ह आहे का? आतली ट्यूब चेन उघडून बाहेर काढता येते का, म्हणजे पंक्चर काढता येईल? पंपावर दाबाचा काटा आहे का? आणि खुंट्या न ठोकता तंबू स्वतःच्या पायावर उभा राहतो का? आपल्या कातळावर खुंटी शिरत नाही, तेव्हा हा प्रश्न सगळ्यात आधी विचारा.

आणि मेसेज करणाऱ्या मित्रा, तुझा बेत पाठीवर सॅक, डिसेंबरची रात्र आणि कड्यावरचा वारा असा आहे. तुझ्यासाठी उत्तर: नाही. त्याच पैशांत ॲल्युमिनियमच्या काठ्यांचा साधा, दोन ते तीन किलोचा तंबू बघ. काठी मोडली तर बांबूचा तुकडा आणि टेप लावून रात्र निघते. रात्री दोन वाजता व्हॉल्व्ह गेला, तर तुझ्या हातात फक्त ओलं कापड उरतं. पहिला पगार आहे, तो वाऱ्यावर सोडू नकोस. आणि गडावर मुक्कामाची परवानगी आहे का, ते निघण्याआधी विचारून घे.

तुमच्याकडे हवेचा तंबू असेल तर तो किती रात्री टिकला, नक्की कळवा. विशेषतः पावसाळ्यात. पुढच्या भागात भेटू. तोवर ऐकत राहा, फिरत राहा, आणि संध्याकाळी चार पंप मारायला विसरू नका!