सोनेरी एल आणि ‘लहान’पणाचा इतिहास

चऱ्होलीत बसून मद्याविषयी लिहिताना थोडे अवघडल्यासारखे होते. गावाला लागून इंद्रायणी, जवळच आळंदी. गळ्यात तुळशीची माळ आली की दारू सुटली, ही इथली रीत. तरीही एका बिअरचा इतिहास वाचताना आम्हांला जो प्रश्न पडला, तो केवळ पेयाचा नव्हता. ‘लहान उत्पादक’ म्हणून कोणी जगायचे, हे कोण ठरवते?

इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यात विव्हलिस्कम नावाचे एक छोटे गाव आहे. तेथे १९८० साली सुरू झालेल्या एक्समूर या ब्रुअरीने १९८६ मध्ये ‘एक्समूर गोल्ड’ ही एल काढली. इंग्रजी एल तोवर बहुधा तांबूस वा काळसर असे. येथे मोड आणून हलकेच वाळवलेले फिकट जव तेवढे वापरले आणि रंग सोनेरी उतरला. लागरकडे वळलेल्या गिऱ्हाइकाला एलकडे परत आणणाऱ्या ‘गोल्डन एल’ या प्रकाराची सुरुवात अनेकजण येथूनच मानतात. पुढे २००२ मध्ये ब्रिटिश सरकारने वर्षाला ५,००० हेक्टोलिटरपर्यंत उत्पादन करणाऱ्या ब्रुअरींचा कर निम्म्यावर आणला. लहानांना जगण्यासाठी कायद्याने जागा करून दिली.

त्याच सरकारच्या पूर्वजांनी आपल्याकडे नेमके उलटे केले होते. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर गावोगावच्या भट्ट्यांची जागा सरकारी नियंत्रणाखालील मोठ्या भट्ट्यांनी घेतली. ताडीच्या झाडांवरील वाढत्या कराने कोकणातील भंडारी समाज हवालदिल झाला. १८९२ च्या कायद्याने ठाणे-कुलाब्यात मोहाची फुलेही सरकारी बंधनात आली. दुसरीकडे, एच. जी. मीकिन यांच्या ब्रुअरींच्या यादीत कसौली, डलहौसी यांच्या बरोबरीने लष्करी छावणीच्या खडकीचेही नाव येते. खडकी चऱ्होलीपासून काही कोसांवरच.

गावभट्टीचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुल्यांनी १८८० साली दारूच्या वाढत्या दुकानांना लेखी विरोध केला होता. उद्ध्वस्त होणारी घरे त्यांना दिसत होती. परंतु फुल्यांचा विरोध आणि सरकारचे अबकारी धोरण यांना एकाच मापाने मोजता येणार नाही. एकाला माणूस वाचवायचा होता, दुसऱ्याला महसूल.

२००९ साली पुण्यात ‘डूलाली’ ही छोटी ब्रुअरी सुरू झाली. हा इंग्रजी शब्द नाशिकजवळच्या देवळालीचा अपभ्रंश. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत तेथील छावणीत खितपत पडलेल्या गोऱ्या सैनिकांमुळे त्याला ‘वेडसर’ असा अर्थ चिकटला. आपल्याच गावाचे नाव परक्या उच्चारातून फिरून परत आले आणि प्रतिष्ठित ठरले. लहान प्रमाणावर, हाताने गाळलेल्या पेयाचेही तसेच झाले. मोहाची भट्टी लावणारा गुन्हेगार झाला. त्याच कसबाला आज ‘क्राफ्ट’ म्हणतात आणि शहरी पेल्यातून त्याचे कौतुक होते.

भाषेच्या अभ्यासकांनी हे शब्दांचे राजकारण ध्यानात घ्यावे. ‘हातभट्टी’ आणि ‘क्राफ्ट’ या दोन शब्दांमध्ये फरक चवीचा थोडा आणि परवान्याचा अधिक आहे. परवाना कोणाला परवडला, याचा इतिहास मराठीत अजून पुरेसा लिहिला गेलेला नाही.