एका आभासी वसाहतीचा ऱ्हास

बहुखेळाडू संगणकीय खेळ कालांतराने ओस पडतात, याचे कारण केवळ कंटाळा हे मानणे पुरेसे नाही. ‘स्टार वॉर्स गॅलॅक्सीज’चा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. जून २००३ मध्ये सोनी ऑनलाइन एंटरटेनमेंटने सुरू केलेल्या या खेळात तीसहून अधिक व्यवसाय होते. शस्त्रे बहुतांशी खेळाडूच घडवीत. लढवय्याचा शीण मद्यगृहातील नर्तक वा वादक घालवी, आणि जखमांसाठी वैद्य लागे. परस्परांची ही गरज हाच त्या समाजाचा पाया होय. नोव्हेंबर २००५ मध्ये, नवे खेळाडू मिळावेत या हेतूने, चालकांनी व्यवसाय नऊवर आणले. दीर्घ साधनेने लाभणारे जेडायपद नवागतास प्रारंभीच खुले झाले. कमावलेले कौशल्य निरर्थक ठरताच जुने खेळाडू मोठ्या संख्येने गेले, आणि उरलेल्या कारागिरांस गिऱ्हाईक राहिले नाही. (बोलींचा लोपही पुष्कळदा असाच होतो : बोलणारा उरतो, ऐकणारा नाही.) १५ डिसेंबर २०११ रोजी खेळ बंद झाला. परवान्याची मुदत हे जाहीर कारण खरेच; वस्ती मात्र त्यापूर्वीच विरळ झाली होती. पुढे स्वयंसेवकांनी पुन्हा उभारले ते २००५ च्या बदलांपूर्वीचे रूप, आणि त्यात नर्तकासमोर बसून शीण घालविण्याची सक्तीही त्यांनी तशीच ठेवली.