थांबून पाहू

१९८४ साली तालुक्याच्या गावी मी बालरोगतज्ज्ञ म्हणून दवाखाना थाटला. आठ महिन्यांचं मूल मान धरत नाही म्हणून आई घाबरून यायची आणि मी सांगायची, "थांबून पाहू. काही मुलं उशिरा करतात." सोबत मेंदूचं टॉनिक. शेजारी बसलेली आजी दुजोरा द्यायची, "याचा बाप तरी कुठं लवकर बोलला?"

आमचं शिक्षणच तसं झालं होतं. वॉर्ड हगवण, गोवर, न्यूमोनियानं भरलेले. मूल जगवणं हेच काम. जे मरत नाही ते थांबू शकतं, अशी समजूत अंगात मुरली होती. औषध नाही म्हणजे उपाय नाही, हीही. आणि आईचं मन दुखवायला जीभ रेटत नसे. त्याला मी दया समजत होते.

खरं तर बाळाच्या विकासाची मोजपट्टी तयार होती. नॅन्सी बेली यांच्या अमेरिकी चाचण्यांवरून प्रमिला फाटक यांनी बडोद्यात भारतीय बाळांसाठी प्रमाणं बसवली, ती १९७०च्या सुमाराला. पुढे त्यातून जी चाचणी रूढ झाली तिच्यात हालचालींच्या ६७ आणि बुद्धीच्या १६३ कसोट्या आहेत. लाल कडी, खुळखुळा, घंटा, ठोकळे अशा साध्या वस्तूंवर बाळाचं काय चाललंय ते कळतं. पण हे काम मानसशास्त्र आणि बालविकासवाल्यांचं. माझ्या टेबलापर्यंत ते पोचलंच नाही.

पोचला तो त्रिवेंद्रमला तयार झालेला विकास-तपासणीचा तक्ता, १९९१नंतर. बडोद्याच्याच प्रमाणांतून निवडलेल्या फक्त १७ कसोट्या. बाळाच्या वयावर पेन्सिल उभी धरायची. तिच्या डावीकडचं काही जमत नसेल तर मूल मागे आहे. पाच-सात मिनिटांचं काम! पहिल्यांदा ती पेन्सिल धरली तेव्हा मला एक मुलगा आठवला. मी 'थांबा' म्हटलेला. चार वर्षांचा होऊन परत आला तेव्हा त्याच्या मांड्या कात्रीसारख्या आवळल्या होत्या.

फेब्रुवारी २०१३मध्ये पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी लवकर उपचाराची केंद्रं आली. पण जिल्हा म्हणजे एसटी आणि बुडालेली रोजी. म्हणून जिल्ह्याच्या केंद्रासाठी चिठ्ठी लिहितानाच मी गोधडीची वळकटी करते, बाळाला तिच्यावर पालथं घालते आणि आईला म्हणते, "खुळखुळा समोर धरा. हे आजपासून, रोज." मग सकाळची गाडी किती वाजता ते सांगते.