पत्त्याचे माप आणि शेवटचे शून्य

इतिहासाच्या व्याख्यानाला आलेला श्रोता तख्तांची आणि तहांची अपेक्षा घेऊन येतो. आज मी ज्याचा इतिहास सांगणार आहे तो एक आकडा आहे. संगणकातील फाइलीचा पत्ता जास्तीत जास्त किती लांब असू शकतो, हे सांगणारा. इतक्या क्षुल्लक वस्तूला कसला आला आहे इतिहास, असे कोणी विचारील. पण या आकड्यात एकाची चूक झाल्यामुळे परक्या माणसाला दुसऱ्याच्या यंत्राचा संपूर्ण ताबा मिळू शकला आहे. आणि ही चूक नवशिक्यांनी नव्हे, चांगल्या कसलेल्या मंडळींनी केली आहे.

प्रथम थोडी ओळख करून घेऊ. संगणकात फाइली डिरेक्टरीत असतात आणि डिरेक्टऱ्या दुसऱ्या डिरेक्टरीत. मुळापासून फाइलीपर्यंतची सारी नावे तिरक्या रेघेने जोडली की जो पत्ता तयार होतो, त्याला पाथ म्हणतात. प्रोग्रॅमला हा पत्ता हाताळावयाचा तर तो कोठे तरी उतरवून घ्यावा लागतो. त्या जागेचे नाव बफर. सी भाषेत अशी जागा सर्वांत सुलभपणे मिळते ती स्टॅकवर. स्टॅक म्हणजे चळत. एखादे फंक्शन कामाला लागले की त्याला लागणारी जागा चळतीवर चढते, काम संपले की उतरते. आता मेख अशी की काम संपल्यावर कोठे परतावयाचे, ही नोंदही सामान्यतः त्याच चळतीवर, बफराच्या शेजारी असते. पत्ता बफरापेक्षा लांब निघाला आणि कोणी अडवले नाही, तर उरलेली अक्षरे त्या नोंदीवर जाऊन बसतात. ती अक्षरे कोणी हेतुपूर्वक निवडलेली असतील, तर प्रोग्रॅम परततो तो त्या माणसाने सांगितलेल्या ठिकाणी.

मग अडवणारा कोणी का नसतो? याचे उत्तर सी भाषेच्या पूर्वजांत आहे. १९६७ च्या सुमारास केंब्रिजच्या मार्टिन रिचर्ड्स यांनी बीसीपीएल नावाची भाषा रचली. तिच्यात अक्षरांची माळ लिहिताना तिची लांबी पहिल्याच घरात लिहून ठेवीत. माल आणि माप एकाच गाठोड्यात! पण घर लहान, म्हणून माळेच्या लांबीलाही मर्यादा पडे. पुढे अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन यांनी बी ही भाषा केली आणि तिच्यातून डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास सी घडविली. त्यांनी लांबीचा आकडा काढून टाकला आणि माळेच्या शेवटी एक खूण ठेवण्याची प्रथा पाडली. सी भाषेत ती खूण म्हणजे शून्य किंमतीचा एक बाइट. रिची यांनी पुढे आठवणी लिहिल्या, त्यांत दोन कारणे सांगितली आहेत: लांबीची मर्यादा टाळावयाची होती, आणि आकडा सांभाळत बसण्यापेक्षा खूण सोयीची वाटली. त्या काळच्या यंत्रांचे तोकडेपण पाहता त्यांना दोष देणे मला अन्यायाचे वाटते. परंतु माप मालापासून वेगळे झाले, ते या क्षणी. माळ किती लांब आहे हे शेवटापर्यंत चालत गेल्याखेरीज कळेना, आणि समोरचे भांडे केवढे आहे हे तर माळेला मुळीच ठाऊक नाही.

सुरुवातीला याचे फारसे बिघडले नाही. युनिक्सच्या पहिल्या आवृत्तीत, म्हणजे १९७१ साली, फाइलीच्या नावाला ८ अक्षरे मिळत. पुढे ती १४ झाली. डिरेक्टरीतील प्रत्येक नोंद १६ बाइटांची: २ बाइट फाइलीच्या क्रमांकाला आणि १४ नावाला. नाव आखूड असेल तर उरलेली घरे शून्यांनी भरावयाची. पण नाव नेमके १४ अक्षरांचे असेल तर शेवटचे शून्य ठेवावयास जागाच नाही, म्हणून ते ठेवीत नसत. या नोंदीसाठीच स्ट्र-एन-कॉपी नावाचे फंक्शन जन्मले. त्याला मापाचा आकडा द्यावा लागतो, म्हणून पुढच्या पिढ्यांनी त्याला 'सुरक्षित नक्कल' समजून सर्वत्र वापरले. वस्तुतः त्याचा स्वभाव डिरेक्टरीच्या नोंदीचा: भांडे काठोकाठ भरले की ते शेवटचे शून्य लिहीतच नाही. शून्यच नाही म्हटल्यावर वाचणारे फंक्शन पुढे शेजारच्या स्मृतीत चालत सुटते. एका कामासाठी घडविलेले हत्यार दुसऱ्या कामाला लावले की असे होते. त्यात हत्याराचा काय दोष?

१९८३ साली बर्कलीच्या ४.२ बीएसडी या युनिक्सने नावाची मर्यादा २५५ वर नेली आणि पाथची मर्यादा १०२४ ठरविली. याच आवृत्तीत सांकेतिक दुवे आले: एक नाव दुसऱ्याच पत्त्याकडे बोट दाखवी. तेव्हापासून लिहिलेला पत्ता आणि उलगडलेला पत्ता यांची लांबी सारखी असेलच असा भरवसा उरला नाही. 'मी सध्या कोणत्या डिरेक्टरीत आहे' हे सांगणारे बीएसडीचे गेटडब्ल्यूडी फंक्शन केवळ बफर घेई. तो केवढा आहे हे विचारीत नसे. समोरच्याने १०२४ बाइट दिलेच असतील, अशी त्याची श्रद्धा! त्याच कामाचे गेटसीडब्ल्यूडी मात्र माप मागून घेते आणि पत्ता मावत नसेल तर तसे स्पष्ट सांगते. १९८८ च्या पॉझिक्स प्रमाणात जागा मिळाली ती या दुसऱ्याला.

त्याच वर्षी श्रद्धेची किंमत साऱ्या जगाला कळली. २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातील विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस याने सोडलेला 'किडा' यंत्रामागून यंत्रे व्यापीत गेला. त्याची एक वाट फिंगर या सेवेतून होती. तेथे स्टॅकवर ५१२ बाइटांचा बफर होता आणि वाचणारे फंक्शन माप विचारीत नव्हते. किड्याने ५३६ बाइट पाठविले. ते अक्षर पत्त्याचे नव्हते हे खरे, पण घर तेच आणि फटही तीच.

आता त्या आकड्याकडे येतो. पॉझिक्सने पाथच्या कमाल लांबीला पाथ-मॅक्स असे नाव दिले. परंतु त्या मापात शेवटचे शून्य धरले आहे की नाही? आरंभीच्या आवृत्त्यांत याविषयी परस्परविसंगत मजकूर होता. कोणी पाथ-मॅक्स इतके बाइट घेई, कोणी त्याहून एक अधिक. २००१ च्या आवृत्तीने निवाडा केला की शून्य आत धरावे. मौज अशी की नुसत्या नावाची मर्यादा सांगणारा नेम-मॅक्स हा सख्खा भाऊ, त्याच्यात मात्र शून्य धरीत नाहीत! एकाच घरातील दोन मापे, एक शेर पायलीसकट मोजलेला, दुसरा पायलीवेगळा.

या एकाच्या फरकाने काय होते ते २००३ साली दिसले. रिअलपाथ हे फंक्शन दुवे उलगडून खरा पत्ता बांधते. हातातल्या पत्त्याला पुढचे नाव जोडताना मध्ये तिरकी रेघ घालावी लागते. अपवाद मुळाचा: मूळ डिरेक्टरीचा पत्ता स्वतःच एक रेघ असल्यामुळे तेथे दुसरी नको. जोडण्यापूर्वी फंक्शन बेरीज करून पाही की सारे मावते ना. त्या बेरजेत रेघेचा एक बाइट उलटा धरला गेला होता. जेथे रेघ नको तेथे मोजला, जेथे हवी तेथे सोडला. परिणामी नेमक्या काठावरच्या लांबीचा पत्ता आला की शेवटचे शून्य बफराच्या बाहेर पडे. एकच बाइट, आणि तोही शून्य! पण शेजारी काय आहे यावर सारे अवलंबून. डब्ल्यूयू-एफटीपीडी या फाइल-सेवेच्या लोकप्रिय प्रोग्रॅमात याच फंक्शनची प्रत होती, आणि तेथे या एका शून्यातून यंत्राचे सर्वाधिकार मिळविता येत, हे पोलंडच्या दोन संशोधकांनी जुलै २००३ मध्ये दाखवून दिले. पाठोपाठ ऑगस्टमध्ये फ्रीबीएसडीने आपल्या मूळ रिअलपाथमध्ये तीच दुरुस्ती प्रसिद्ध केली. आणखी एक गंमत त्या संशोधकांनीच नोंदविली आहे. लिनक्सच्या काही जुन्या आवृत्त्यांत पाथ-मॅक्स ४०९६ ऐवजी ४०९५ लिहिलेला होता. त्यांवर बांधलेले प्रोग्रॅम या फटीतून बचावले. कोणाच्या शहाणपणाने नव्हे, निव्वळ योगायोगाने.

तर मग मोठा आकडा घ्या, मावेल तेवढेच लिहा, उरलेले कापा, म्हणजे झाले, असे पुष्कळांना वाटते. इतर मजकुराच्या बाबतीत ते चालेलही. पण पत्ता कापला की तो अपुरा पत्ता राहत नाही, दुसराच पत्ता होतो. 'हिशेब/जुने-२०१९' ही डिरेक्टरी पुसावयाची होती, आणि कापलेल्या पत्त्याने 'हिशेब/जुने' एवढेच म्हटले, तर सारे जुने हिशेब गेले. स्मृतीला ओरखडाही नाही आणि दप्तर मात्र साफ! म्हणून मावले नाही हे कळताच काम थांबविणे, हीच सुरक्षित बफराची खरी कसोटी. १९९९ च्या सी प्रमाणातील स्न-प्रिंट-एफ हे फंक्शन किती लांबी लागली असती ते परत सांगते. तो आकडा न पाहता जो पुढे जातो, त्याने फंक्शन बदलून काहीच मिळविले नाही.

आपल्या भाषेचाही या मापाशी संबंध आहे. लिनक्समध्ये नावाची मर्यादा सामान्यतः २५५ बाइट आहे, आणि यूटीएफ-८ लेखनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. काना, मात्रा, हलन्त ही सारी स्वतंत्र चिन्हे. 'ज्ञानेश्वरी' हा डोळ्यांना चार अक्षरांचा शब्द ११ चिन्हांचा, म्हणजे ३३ बाइटांचा होतो. इंग्रजाला २५५ अक्षरांची ऐसपैस जागा, आपल्याला ८५ चिन्हांची. अक्षरे मोजून बफर घेणारा मराठी प्रोग्रॅमर येथे हमखास फसतो. मात्र हेही सांगितले पाहिजे की १९९२ साली थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी ही लेखनपद्धती आखली, तेव्हा कोणत्याही परभाषी चिन्हाच्या पोटात तिरक्या रेघेचा किंवा शून्याचा बाइट येऊ नये, याची व्यवस्था पत्त्यांसाठीच करून ठेवली होती.

विंडोजने २६० हा आकडा धरला: ड्राइव्हचे अक्षर, अपूर्णविराम आणि रेघ मिळून ३, पत्त्याची २५६ अक्षरे आणि शेवटचे शून्य. तेथे निदान शून्य कोठे बसले आहे याविषयी वाद नाही.

मोठा बफर घेण्यालाही किंमत असते. डिरेक्टरीत डिरेक्टरी शिरत जाणाऱ्या फंक्शनने प्रत्येक पायरीवर ४०९६ बाइट घेतले तर हजार पायऱ्यांत चार मेगाबाइट चळत संपते. लिनक्सच्या गाभ्यात तर ३२ बिटी यंत्रांवर साऱ्या चळतीला बहुधा ८ किलोबाइट मिळत. एक पाथ तिच्यावर ठेवला की अर्धी जागा गेली. म्हणून गाभा पाथसाठी चळतीबाहेर जागा घेतो. शिवाय ४०९६ ही एका वेळी गाभ्याला देता येणाऱ्या पत्त्याची मर्यादा आहे. एकेक पायरी उतरत गेल्यास त्याहून खोल डिरेक्टरी करता येतेच. ग्नू हर्ड या प्रणालीने तर पाथ-मॅक्स हा शब्दच ठेवला नाही, आणि डेबियनच्या मंडळींना शेकडो ठिकाणी गृहीत धरलेला तो आकडा प्रोग्रॅमांतून उपसून काढत बसावे लागले. मला हर्डचा हट्ट योग्य वाटतो. २००८ च्या पॉझिक्समध्ये रिअलपाथला बफर न देण्याची मुभा आली: लागेल तेवढी जागा तेच मागून घेते, आपण काम झाल्यावर ती सोडावयाची. त्याच आवृत्तीतून गेटडब्ल्यूडी वगळले गेले.

गेटसीडब्ल्यूडी उरले, ते माप विचारणारे. जानेवारी २०२२ मध्ये लिनक्सवर सर्वत्र असणाऱ्या ग्लिबसी या ग्रंथालयातील त्याच्याच अंगात एकाची चूक सापडली. मूळ डिरेक्टरीचा पत्ता नुसती एक रेघ, जगातील सर्वांत आखूड पूर्ण पत्ता. पण शून्य धरून त्यालाही दोन बाइट लागतात. कोणी नेमका एक बाइटाचा बफर दिला, तर विशिष्ट परिस्थितीत ती रेघ बफराच्या आधीच्या बाइटावर लिहिली जाई. दुरुस्ती साधी होती. एका बाइटात कोणताही पत्ता मावत नाही, म्हणून तेवढेच माप सांगणाऱ्याला आता ते आल्या पावली परत पाठविते.