रबराच्या सोल्युशनची कुळकथा

गाडीच्या दाराच्या आतल्या पॅडवर नवे रेक्झिन चढवताना पिवळसर, दाट सोल्युशन पॅडवर आणि रेक्झिनच्या पाठीवर असे दोन्हीकडे लावतात. मग दहा-पंधरा मिनिटे थांबून ते वाळू देतात आणि बोट लावल्यावर चिकटेनासे झाले की दोन्ही भाग एकमेकांवर दाबतात. इतर चिकटवणी ओल्या असताना चिकटतात, ही वाळल्यावर चिकटते. एकदा टेकलेले रेक्झिन मग सरकवता येत नाही, आणि शिकंज्यात धरून ठेवावेही लागत नाही. ही रीत ज्या वंशातून आली, त्यातल्या प्रत्येक पिढीचा दोष गाडीतल्या उन्हात उघडा पडतो. म्हणून पॅडसाठी चिकटवण निवडताना हा वंश माहीत असणे उपयोगाचे ठरते.

सर्वांत जुना पूर्वज सरस. जनावरांचे कातडे आणि हाडे उकळून केलेला सरस प्राचीन इजिप्तमधल्या लाकडी सामानातही सापडतो. लाकडाला तो उत्तम धरतो, पण पाण्याने फुगतो आणि वाळला की ठिसूळ होतो. दमट हवेत आणि रस्त्याच्या हादऱ्यांत त्याचा टिकाव लागणे कठीण. त्यामुळे घोडागाड्यांच्या गाद्या आणि अस्तरे प्रामुख्याने चुका मारून आणि शिवून बसवत. पहिल्या मोटारींनी हीच कारागिरी उचलली. छताचे अस्तर तारांवर ताणून कडेने चुका मारलेले असे, आणि दाराचे पॅड पुठ्ठ्यावर किंवा पातळ लाकडी फळीवर मढवत.

दुसरा पूर्वज म्हणजे रबराचा द्राव. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत चार्ल्स मॅकिंटॉश यांनी डांबरापासून निघणाऱ्या नाफ्थ्यात कच्चे रबर विरघळवले, तो लेप दोन कापडांच्या मध्ये दाबला आणि १८२३ साली या जलरोधक कापडाचे पेटंट घेतले. या कापडाचा कोट पाऊस अडवी, पण उन्हात चिकचिकीत होई आणि थंडीत ताठरे. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये गंधक आणि उष्णता वापरून रबर पक्के करण्याची रीत शोधली आणि कापडाचा हा दोष दूर झाला. चिकटवणीला मात्र त्या शोधाचा फायदा मिळाला नाही. पक्के झालेले रबर कोणत्याही द्रावकात नीट विरघळत नाही, म्हणून डब्यातले रबर कच्चेच ठेवावे लागले. सायकलच्या ट्यूबला ठिगळ लावताना वापरतात ते सोल्युशन याच घराण्यातले. उष्णतेत मऊ पडण्याचा आणि तेलाने बिघडण्याचा कच्च्या रबराचा गुण त्याच्यातही उतरला.

या घराण्याला नवे रक्त मिळाले ते ॲसिटिलीन वायूतून. बेल्जियममध्ये जन्मलेले धर्मगुरू आणि रसायनशास्त्रज्ञ ज्युलियस न्यूलँड अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठात या वायूचा अभ्यास करत होते. कार्बाइडच्या दिव्यात जळतो तो हाच वायू. १९२५ साली रॉचेस्टर येथे त्यांनी केलेले विवेचन ड्यू पाँट कंपनीचे एल्मर बोल्टन यांनी ऐकले आणि कंपनीने हा धागा पुढे नेला. पुढे नायलॉनमुळे प्रसिद्ध झालेले वॉलेस कॅरदर्स तिथल्या संशोधकगटाचे प्रमुख होते. एप्रिल १९३० मध्ये त्या गटातल्या आर्नोल्ड कॉलिन्स यांना क्लोरोप्रीन हा द्रव मिळाला. तो काही दिवसांत आपोआप घट्ट होऊन रबरासारखा उसळू लागला. १९३१ मध्ये हे रबर ड्यूप्रीन या नावाने जाहीर झाले. पुढे त्याला निओप्रीन हे नाव मिळाले.

निओप्रीनमधला क्लोरीन त्याला तेल आणि उष्णता सोसण्याची ताकद देतो. चिकटवणीसाठी त्याचा दुसरा गुण अधिक मोलाचा ठरला. द्रावक उडून गेला की दोन्ही थरांतल्या लांब साखळ्या दाबाखाली एकमेकींत शिरतात आणि लगेच स्फटिकासारख्या रांगेत बसू लागतात. जोड क्षणात पकडतो तो या रांगांमुळे. म्हणून दाब किती वेळ दिला यापेक्षा तो किती जोराचा आणि सगळीकडे सारखा होता, याला महत्त्व असते. पण हे स्फटिक साधारण ५० अंशांच्या आसपास वितळू लागतात, आणि उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांपर्यंत तापू शकतो. यावर उपाय म्हणून विशिष्ट फिनॉलिक राळ आणि मॅग्नेशियम ऑक्साइड मिसळतात. त्यांच्या संयोगातून उष्णता सोसणारा सांगाडा तयार होतो. शिवाय निओप्रीनमधून हळूहळू सुटणारे आम्लही हे ऑक्साइड शोषून घेते.

द्रावकांचा इतिहास मात्र दुःखाचा आहे. एकेकाळी रबर विरघळवायला बेंझीन सर्रास वापरत. इस्तंबूलच्या जोडे बनवणाऱ्या कामगारांमध्ये रक्ताचा कर्करोग आढळल्याचे १९७० च्या दशकात नोंदले गेले. बेंझीन हटून टोल्युइन आणि त्यासारखे इतर द्रावक आले. तेही ज्वलनशील आहेत आणि त्यांची वाफ अपायकारकच असते. म्हणून हे काम उघड्या हवेत आणि ठिणगीपासून दूर करायचे असते.

निवडीचे नियम या वंशावळीतून निघतात. १९५९ साली पिडिलाइटने बाजारात आणलेला पांढरा फेव्हिकॉल लाकडासाठी योग्य, पण त्यातले पाणी रेक्झिन आणि प्लॅस्टिक यांच्यामध्ये अडकून पडते, आणि वाळलेला थर गाडीतल्या उष्णतेत मऊ पडतो. त्याच घराण्यातला एसआर प्रकार कृत्रिम रबराचा आहे. लाकूड, पुठ्ठा, फोम आणि कापड यांना निओप्रीनची चिकटवण चांगली धरते. पीव्हीसी रेक्झिनची गोष्ट वेगळी आहे. ते मऊ राहावे म्हणून त्यात मिसळलेले तेलकट द्रव्य कालांतराने पाझरून निओप्रीनच्या थराला ढिले करते. तिथे नायट्राइल रबर किंवा पॉलियुरेथेन जास्त टिकते. ओटो बायर यांनी १९३७ मध्ये जर्मनीत पॉलियुरेथेनचा पाया घातला. पॉलिप्रॉपिलीनच्या पॅनेलवर यातले काहीच सहजी बसत नाही, म्हणून आधी प्रायमर लावावा लागतो. थर्मोकोलला टोल्युइनचा द्राव विरघळवून टाकतो.

गाडीच्या छताचे कापड लोंबू लागले की दोष बहुधा चिकटवणीला दिला जातो. खरे तर कापडाच्या पाठीचा पॉलियुरेथेन फोम दमट हवेने आणि उष्णतेने कुजून त्याची भुकटी झालेली असते. त्या भुकटीवर कितीही महागडी चिकटवण फवारली तरी ती भुकटीलाच चिकटते आणि कापड पुन्हा खाली येते. जुना फोम पूर्ण खरवडून, पृष्ठभाग पुसून, फोमची पाठ असलेले नवे कापड घ्यावे लागते. त्याच्या पाठीवर आणि छतावर अशी दोन्हीकडे उष्णता सोसणारी चिकटवण लावायची आणि मध्यापासून कडांकडे हाताने दाबत जायचे.