रग्बीच्या मैदानावर परराष्ट्रनीती

खान्देशच्या मातीत कबड्डी, खो-खो आणि कुस्ती रुजली. रग्बीशी जळगाव-धुळ्याच्या क्रीडारसिकांचा परिचय दुरूनच. जून २०२५ मध्ये मुंबईत अंधेरी येथे रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला, तो प्रत्येकी सात खेळाडूंच्या खेळाचा. तेरा खेळाडूंची ‘रग्बी लीग’ हा प्रकार निराळा. त्याची ऑस्ट्रेलियातील व्यावसायिक स्पर्धा परदेशात विस्तारण्यासाठी तेथील सरकारनेच तिजोरी उघडली आहे.

काय आहे करार?

ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान अँथनी अल्बनीझ आणि पापुआ न्यू गिनीचे पंतप्रधान जेम्स मरापे यांनी १२ डिसेंबर २०२४ रोजी सिडनीत ही घोषणा केली. त्यानुसार २०२८ पासून पापुआ न्यू गिनीचा संघ नॅशनल रग्बी लीगमध्ये खेळेल. त्यासाठी ऑस्ट्रेलिया दहा वर्षांत ६० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे सव्वातीन हजार कोटी रुपये देणार आहे. यातील सुमारे २९ कोटी डॉलर नव्या संघासाठी, तर २५ कोटी पॅसिफिक देशांतील खेळाच्या पायाभरणीसाठी आहेत. संघ पोर्ट मोर्सबी येथून खेळेल. बाहेरच्या खेळाडूंना आकृष्ट करण्यासाठी यजमान देशाने करसवलतही देऊ केली आहे.

हाच देश का?

पापुआ न्यू गिनी १९७५ पर्यंत ऑस्ट्रेलियाच्या प्रशासनाखाली होता. खान्देशात मराठीच्या जोडीला अहिराणी नांदते. त्या देशात आठशेहून अधिक भाषा आहेत आणि या साऱ्यांना जोडणारा खेळ म्हणजे रग्बी लीग. तेथील ‘हंटर्स’ संघाने २०१७ मध्ये क्वीन्सलँड कप जिंकून आपली योग्यता सिद्ध केली होती.

परंतु केवळ खेळावरील प्रेमापोटी एवढा निधी मिळालेला नाही. शेजारच्या सॉलोमन बेटांनी २०२२ मध्ये चीनशी सुरक्षा करार केल्यापासून ऑस्ट्रेलिया सावध आहे. रग्बी करारासोबत ‘सामरिक विश्वासा’चा एक गोपनीय करारही झाला. पापुआ न्यू गिनीने चीनशी सुरक्षा संबंध जोडल्यास निधी काढून घेता येईल, असे त्याचे स्वरूप असल्याची वृत्ते आली. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये दोन्ही देशांनी परस्पर संरक्षण करारही केला.

दवाखाने आणि शाळांची वानवा असलेल्या देशात हा पैसा खेळावर का, असा आक्षेप आहे. त्याहून मोठी जोखीम वेगळीच आहे. संघाचे भवितव्य केवळ मैदानावरील जय-पराजयावर ठरणार नाही. दोन राजधान्यांतील संबंध बिघडले, तर त्याची किंमत चेंडू घेऊन धावणाऱ्या मुलांना मोजावी लागेल.